वाद्यभागांचे रूपांतर

वाद्यभागांचे रूपांतर म्हणजे एका वाद्यासाठी लिहिलेले संगीत दुसऱ्या वाद्याच्या वादकाला वाजवता येईल अशा रीतीने पुन्हा लिहिणे होय. पाश्चात्त्य पद्धतीच्या वाद्यवृंदात प्रत्येक वादकापुढे केवळ त्याच्याच वाद्याचा लिखित मजकूर असतो. या मजकुराला 'वाद्यभाग' किंवा वादकांच्या बोलीत 'पार्ट' असे म्हणतात. वृंदात एखादे वाद्य उपलब्ध नसेल, वादकांची संख्या कमी असेल किंवा मूळ रचना वेगळ्याच वाद्यासाठी असेल, तर असे रूपांतर करावे लागते. शालेय व हौशी वाद्यवृंद, लष्करी व पोलीस बँड, चर्चमधील वादकसमूह आणि चित्रपटसंगीत या सर्व ठिकाणी ही नित्याची गरज आहे.

या कामाचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा गणिती असून त्यात स्वर योग्य अंतराने वर किंवा खाली सरकवून लिहिले जातात. दुसऱ्या टप्प्यात नव्या वाद्याचा पल्ला, ध्वनिगुण व वादनतंत्र लक्षात घेऊन कोणते स्वर ठेवायचे, कोणते बदलायचे आणि कोणते सोडायचे याचा निर्णय घेतला जातो. पहिला टप्पा आज संगणकही करतो. दुसरा मात्र संगीताच्या जाणकारीवरच अवलंबून असतो.

परिभाषा

या विषयातील काही संज्ञा परस्परांच्या जवळच्या असल्या, तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

• पट्टीबदल: सर्व स्वर समान अंतराने वर किंवा खाली नेणे. यात स्वरांमधील परस्परसंबंध बदलत नाहीत. यालाच 'ट्रान्सपोझिशन' म्हणतात.
• लिप्यंतर: एका वाद्याचे संगीत शक्य तितके जसेच्या तसे दुसऱ्या वाद्यावर आणणे.
• संयोजन: चाल कायम ठेवून साथ, स्वरमेळ किंवा वाद्यांची विभागणी नव्याने करणे. चित्रपटसृष्टीत यासाठी 'अरेंजिंग' हा शब्द रूढ आहे.
• वाद्यवृंदीकरण: पियानोसारख्या एकाच वाद्यासाठी असलेली रचना पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिणे.
• स्कोअर: सर्व वाद्यांचे भाग एकाखाली एक दाखवणारी, संचालकासाठी असलेली संहिता.

पट्टीबदल करणारी वाद्ये

व्हायोलिन, बासरीवर्गातील फ्ल्यूट, ओबो, चेलो, ट्रॉम्बोन, पियानो इत्यादी वाद्यांवर कागदावर लिहिलेला स्वर त्याच उंचीवर ऐकू येतो. काही वाद्यांच्या बाबतीत मात्र लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळा असतो. अशा वाद्यांना पट्टीबदल करणारी वाद्ये म्हणतात. ही वाद्ये बेसूर असतात असे नाही. त्यांच्यासाठी लेखनाची वेगळी प्रथा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ही कल्पना 'स्केल चेंजर' हार्मोनियमवरून सहज समजते. या हार्मोनियममध्ये संपूर्ण पट्ट्यांचा संच बाजूला सरकवता येतो. वादक पांढरी एकपासून वाजवत असला, तरी संच सरकवल्यावर प्रत्यक्षात काळी एक किंवा पांढरी दोनचा षड्ज ऐकू येतो. बोटांची ठेवण तीच राहते आणि ध्वनी बदलतो. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर वादक जेव्हा कागदावरचा 'सी' वाजवतो, तेव्हा प्रत्यक्षात बी-फ्लॅट, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत काळी पाच, ऐकू येते. वाद्याच्या नावाला जोडलेले अक्षर नेमके हेच सांगते: लिहिलेला सी वाजवला असता ऐकू येणारा स्वर कोणता.

पुढील तक्त्यात नेहमीच्या वाद्यांची माहिती दिली आहे. तिसऱ्या रकान्यात, मूळ उंचीचा स्वर मिळवण्यासाठी वाद्यभाग किती अंतराने सरकवून लिहावा लागतो ते दाखवले आहे.

| वाद्य | लिहिलेला सी वाजवल्यास ऐकू येणारा स्वर | लेखनातील बदल |
|---|---|---|
| बी-फ्लॅट क्लॅरिनेट, बी-फ्लॅट ट्रम्पेट | बी-फ्लॅट (काळी पाच) | २ अर्धस्वर वर |
| ए क्लॅरिनेट | ए (पांढरी सहा) | ३ अर्धस्वर वर |
| ई-फ्लॅट क्लॅरिनेट | वरचा ई-फ्लॅट (काळी दोन) | ३ अर्धस्वर खाली |
| फ्रेंच हॉर्न, इंग्लिश हॉर्न | एफ (पांढरी चार) | ७ अर्धस्वर वर |
| आल्टो फ्ल्यूट | जी (पांढरी पाच) | ५ अर्धस्वर वर |
| आल्टो सॅक्सोफोन | ई-फ्लॅट (काळी दोन) | ९ अर्धस्वर वर |
| टेनर सॅक्सोफोन | बी-फ्लॅट (काळी पाच) | १४ अर्धस्वर वर |
| बॅरिटोन सॅक्सोफोन | ई-फ्लॅट (काळी दोन) | २१ अर्धस्वर वर |
| पिकोलो | वरच्या सप्तकातील सी | एक सप्तक खाली |
| डबल बास, गिटार | खालच्या सप्तकातील सी | एक सप्तक वर |

प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या उंचीला 'कॉन्सर्ट पिच' म्हणतात. वृंद जुळवताना ओबो 'ए' स्वर देतो. या स्वरासाठी ४४० हर्ट्‌झ ही आंतरराष्ट्रीय प्रमाण कंपनसंख्या मानली जाते. हाच स्वर ऐकू यावा म्हणून बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या वादकाला 'बी' वाजवावा लागतो आणि आल्टो सॅक्सोफोनच्या वादकाला 'एफ-शार्प'.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लेखनाच्या या प्रथेचे मूळ वाद्यांच्या जुन्या बांधणीत आहे. १८व्या शतकातील हॉर्नला व्हॉल्व्ह नव्हते. नळीच्या लांबीनुसार जी स्वरशृंखला निसर्गतः निघे, तीच प्रामुख्याने वादकाला उपलब्ध असे. पट्टी बदलायची असल्यास 'क्रूक' नावाचा नळीचा जादा तुकडा बसवून वाद्याची लांबी बदलली जाई. रचनाकार कोणता क्रूक लावायचा ते पानाच्या सुरुवातीला लिहीत आणि संगीत मात्र सी पट्टीत लिहीत. अशा रीतीने वादकाला प्रत्येक वेळी एकच स्वरशृंखला वाचावी लागे आणि पट्टीचा बदल वाद्यच करी.

क्लॅरिनेटची गोष्ट थोडी वेगळी आहे. आरंभीच्या क्लॅरिनेटला कळा थोड्या असल्याने अधिक शार्प किंवा फ्लॅट असलेल्या पट्ट्या त्यावर अवघड जात. म्हणून वेगवेगळ्या लांबीची वाद्ये जवळ बाळगून सोयीची पट्टी निवडण्याची पद्धत पडली. बी-फ्लॅट आणि ए ही त्यांपैकी दोन वाद्ये आजही वाद्यवृंदात वापरली जातात.

१८१८ मध्ये हाइनरिख श्टोल्त्सेल व फ्रीडरिख ब्ल्यूमेल यांनी प्रशियात व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. त्यानंतर पितळी वाद्यांवर सर्व अर्धस्वर वाजवणे शक्य होऊ लागले. १८४६ मध्ये आदोल्फ साक्स यांनी सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. सॅक्सोफोनच्या कुटुंबात लहानमोठी वाद्ये असली, तरी सर्वांची बोटांची ठेवण जवळजवळ सारखी असते. त्यामुळे आल्टो वाजवणारा वादक टेनरही वाजवू शकतो. त्याने वाचायची पद्धत बदलायची नसते, पट्टीबदलाचे काम लेखकाने आधीच केलेले असते.

सर्वच वाद्यांनी हा मार्ग स्वीकारला नाही. आल्टो रेकॉर्डरचा सर्वांत खालचा स्वर एफ असूनही त्याचे संगीत प्रत्यक्ष उंचीप्रमाणेच लिहितात. वादक दुसरी बोटयोजना शिकतो. वाद्यवृंदातील ट्युबाबाबतही हीच पद्धत आहे. म्हणजेच अडचण एकच असते. ती कोणी सोसायची, वादकाने की लेखकाने, एवढाच प्रश्न प्रत्येक परंपरेने आपापल्या परीने सोडवला आहे.

रूपांतराची पद्धत

प्रत्यक्ष स्वर निश्चित करणे

रूपांतराची सुरुवात लिहिलेल्या स्वरापासून न करता ऐकू येणाऱ्या स्वरापासून करावी लागते. उदाहरणार्थ, वृंदात फ्रेंच हॉर्न नाही आणि त्याचा भाग आल्टो सॅक्सोफोनला द्यायचा आहे. हॉर्नच्या पानावरचा 'जी' प्रत्यक्षात पाचव्या स्वराइतका खाली, म्हणजे 'सी' असा ऐकू येतो. हा सी आल्टो सॅक्सोफोनवर मिळण्यासाठी 'ए' लिहावा लागतो. म्हणून हॉर्नचा भाग आल्टो सॅक्सोफोनसाठी लिहिताना प्रत्येक लिखित स्वर एका पूर्ण स्वराने वर जातो. तोच भाग बी-फ्लॅट क्लॅरिनेटला दिल्यास सी ऐकू येण्यासाठी 'डी' लिहावा लागेल. मधली पायरी गाळून एका पानावरून थेट दुसऱ्या पानावर उतरवताना सर्वाधिक चुका होतात, म्हणून नवशिक्या लेखकांना आधी प्रत्यक्ष उंचीचा मसुदा तयार करण्यास सांगितले जाते.

की सिग्नेचर

स्वरांबरोबर पट्टीचे चिन्हही, म्हणजे की सिग्नेचरही, बदलते. त्यासाठी पुढील नियम उपयोगी पडतात.

• बी-फ्लॅट वाद्यासाठी दोन शार्प वाढवावेत किंवा दोन फ्लॅट कमी करावेत.
• ई-फ्लॅट वाद्यासाठी तीन शार्प वाढवावेत किंवा तीन फ्लॅट कमी करावेत.
• एफ वाद्यासाठी एक शार्प वाढवावा किंवा एक फ्लॅट कमी करावा.
• ए क्लॅरिनेटसाठी तीन फ्लॅट वाढवावेत किंवा तीन शार्प कमी करावेत.

समजा, रचना डी मेजरमध्ये आहे. तिच्यात दोन शार्प असतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटला ती ई मेजरमध्ये चार शार्पसह, आल्टो सॅक्सोफोनला बी मेजरमध्ये पाच शार्पसह आणि हॉर्नला ए मेजरमध्ये तीन शार्पसह मिळेल. ए क्लॅरिनेटला मात्र ती एफ मेजरमध्ये, केवळ एका फ्लॅटसह मिळते. याउलट, रचना ई-फ्लॅट मेजरमध्ये असेल, तर आल्टो सॅक्सोफोनला सी मेजर आणि बी-फ्लॅट क्लॅरिनेटला एफ मेजर ही सोपी पाने मिळतात. फ्लॅट असलेल्या पट्ट्या बँडला सोयीच्या वाटतात त्या यामुळे. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई या असल्याने तंतुवाद्यांची सोय नेमकी उलट बाजूला, शार्प असलेल्या पट्ट्यांकडे असते. दोन्ही प्रकारची वाद्ये एकत्र असलेल्या नवशिक्या वृंदासाठी रचनेची पट्टी निवडताना हा ताळमेळ आधीच घालावा लागतो.

कधी गणिताने अव्यवहार्य उत्तर येते. जी-शार्प मायनरमधील चाल आल्टो सॅक्सोफोनसाठी लिहिताना ई-शार्प मायनर ही पट्टी येते. अशी पट्टी वापरात नसल्याने तोच ध्वनी देणारी एफ मायनर पट्टी चार फ्लॅटसह लिहितात.

तात्पुरती चिन्हे

एखाद्या स्वरापुरते लावलेले शार्प, फ्लॅट किंवा नॅचरल हे चिन्ह नव्या पानावर तेच राहील असे नसते. एफ मेजरमध्ये बी हा स्वर फ्लॅट असतो. तो शुद्ध करण्यासाठी नॅचरलचे चिन्ह लावतात. हाच स्वर बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी लिहिताना पट्टी जी मेजर होते आणि स्वर सी-शार्प होतो. म्हणजे मूळ पानावरच्या नॅचरलच्या जागी नव्या पानावर शार्प येतो. चिन्ह नव्हे, तर स्वरांमधील अंतर उतरवायचे असते.

क्लेफ

पाच रेषांवर कोणता स्वर कोठे वाचायचा हे सुरुवातीच्या क्लेफच्या चिन्हावरून ठरते. व्हायोलिन, फ्ल्यूट, ट्रम्पेट यांना ट्रेबल क्लेफ, चेलो, बासून, ट्रॉम्बोन यांना प्रामुख्याने बास क्लेफ आणि व्हायोलाला आल्टो क्लेफ वापरतात. व्हायोलाचा भाग व्हायोलिनला द्यायचा असल्यास स्वर तेच ठेवूनही ते ट्रेबल क्लेफमध्ये पुन्हा लिहावे लागतात. शाळांच्या वाद्यवृंदांसाठीच्या अनेक संचांत असा 'तिसरे व्हायोलिन' नावाचा भाग तयारच दिलेला असतो.

काही वेळा क्लेफचा उपयोग करून न लिहिताच रूपांतर साधता येते. बास क्लेफमधील पान ट्रेबल क्लेफमध्ये आहे असे समजून व तीन शार्प वाढवून वाचले, तर बॅरिटोन सॅक्सोफोनवर नेमके मूळ उंचीचे स्वर ऐकू येतात. त्यामुळे बासून किंवा चेलो नसल्यास बॅरिटोन सॅक्सोफोनचा अनुभवी वादक त्यांचे पान थेट वाजवू शकतो. मात्र तात्पुरत्या चिन्हांकडे त्याला डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

पल्ला

नव्या वाद्याचा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर मूळ भागातील स्वरांशी ताडून पाहावा लागतो. व्हायोलिनची सर्वांत खालची तार मध्य सीच्या खालच्या जीवर असते, तर व्हायोलाची त्याहून सात अर्धस्वर खाली, सीवर. त्यामुळे या दोन तारांमधील व्हायोलाचे स्वर व्हायोलिनवर मुळीच निघत नाहीत. ते एक सप्तक वर न्यावे लागतात.

असे करताना एकच सुटा स्वर वर नेल्यास चालीत विनाकारण उडी येते. म्हणून वाक्यांश जेथे सुरू होतो किंवा संपतो तेथून संपूर्ण तुकडा वर नेण्याची रीत आहे. त्याचबरोबर वर नेलेला भाग मुख्य चालीच्या वर तर जात नाही ना, हेही पाहावे लागते. सर्वांत खालच्या आवाजाबाबत आणखी काळजी घ्यावी लागते. स्वरमेळाचा पाया देणारा स्वर सप्तकभर वर गेला आणि त्याच्याखाली दुसरा स्वर उरला, तर कॉर्डचे नाव तेच राहूनही त्याची स्थिती बदलते आणि शेवट अपुरा वाटतो.

वाद्यभागाचे कार्य

पल्ल्यात बसणारा प्रत्येक स्वर नव्या वाद्यावर तितकाच उपयोगी ठरत नाही. फ्ल्यूटचे खालचे स्वर मृदू असतात आणि पितळी वाद्यांच्या गर्दीत ते ऐकू येत नाहीत. ओबोचे सर्वांत खालचे स्वर हळू वाजवणे कठीण असते. क्लॅरिनेटच्या मधल्या भागातील काही स्वर तुलनेने फिके असतात. म्हणून रूपांतर करताना आधी त्या भागाचे रचनेतील कार्य ओळखावे लागते. तो मुख्य चाल वाजवतो का, चालीला उत्तर देतो का, स्वरमेळातील मधला स्वर भरतो, लय धरतो की पाया सांभाळतो, यावर कोणत्या वाद्याने त्याची जागा घ्यावी हे ठरते.

वादक कमी असतील, तर सर्व स्वर राखणे शक्य नसते. अशा वेळी साधारणपणे मुख्य चाल आणि बास हे दोन भाग प्रथम सुरक्षित केले जातात. त्यानंतर कॉर्डमधील तिसरा स्वर राखतात, कारण कॉर्ड मेजर आहे की मायनर हे त्यावरून कळते. पाचवा स्वर व दुहेरी वाजणारे स्वर गाळले तरी चालते. एखादा एकल तुकडा मूळ वाद्य नसताना वाजवायचा असेल, तर तो दुसऱ्या वाद्याच्या पानावर लहान आकारात छापतात. अशा छोट्या स्वरांना 'क्यू' म्हणतात. मूळ वाद्याचा वादक आल्यास ते वाजवायचे नसतात.

वादनतंत्रातील बदल

तंतुवाद्याचे पान फुंकवाद्याला देताना श्वासाची जागा शोधावी लागते. व्हायोलिनवादक गज फिरवत लांबच लांब तुकडा अखंड वाजवू शकतो. फुंकवाद्याच्या वादकाला मध्ये श्वास घ्यावाच लागतो. असा तुकडा दोन वादकांत आळीपाळीने वाटून दिल्यास खंड पडत नाही. व्हायोलिनच्या पानावरील कमानी गजाची दिशा सांगतात. फुंकवाद्याच्या पानावर त्याच कमानीचा अर्थ जिभेचा आघात न करता स्वर जोडणे असा होतो. त्यामुळे कमानी जशाच्या तशा उतरवणे योग्य ठरत नाही. व्हायोलिनवर एकाच वेळी वाजणारे दोन स्वर दोन क्लॅरिनेटना वाटून द्यावे लागतात. बोटाने तार छेडून काढलेल्या स्वरांसाठी फुंकवाद्यावर तुटक, आखूड स्वर लिहितात.

पियानोवरून रूपांतर करताना पेडलचा विचार करावा लागतो. पेडल दाबल्यावर कागदावर आखूड दिसणारा स्वरही बराच वेळ गुंजत राहतो. वाद्यवृंदासाठी लिहिताना ही गुंज कोणत्या तरी वाद्याला दीर्घ स्वर म्हणून द्यावी लागते; अन्यथा कागदावरचे सर्व स्वर असूनही परिणाम कोरडा वाटतो.

प्रसिद्ध उदाहरणे

बेथोव्हन यांची पाचवी सिंफनी (प्रथम सादरीकरण १८०८, व्हिएन्ना)

पहिल्या भागात दुसऱ्या विषयाची घोषणा ई-फ्लॅटमध्ये लावलेले हॉर्न करतात. उत्तरार्धात हाच विषय सी मेजरमध्ये परततो तेव्हा मात्र ती घोषणा बासूनकडे दिली आहे. ई-फ्लॅटच्या व्हॉल्व्हविरहित हॉर्नवर ते स्वर चांगले निघत नसत, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. आधुनिक हॉर्नवर ही अडचण नसल्याने काही संचालकांनी तो तुकडा पुन्हा हॉर्नना दिला. इतरांनी बेथोव्हन यांनी लिहिलेला बासूनच कायम ठेवला. बेथोव्हन यांची इच्छा हॉर्नचीच होती आणि साधन अपुरे पडले, असे एक बाजू मानते. साधनाच्या मर्यादेतून निघालेला वेगळा रंग हाही रचनेचाच भाग आहे, असे दुसरी बाजू मानते. रूपांतर करणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या स्वरूपात उभा राहतो.

मोत्सार्ट यांचा क्लॅरिनेट कंचेर्टो (१७९१)

ही रचना आंटोन श्टाडलर या वादकासाठी होती. त्यांच्या क्लॅरिनेटचा पल्ला नेहमीच्या वाद्यापेक्षा चार अर्धस्वरांनी खाली जात असे. मोत्सार्ट यांच्या मृत्यूनंतर १९व्या शतकाच्या आरंभी प्रकाशित झालेल्या आवृत्त्यांत खालचे स्वर वर नेऊन हा भाग नेहमीच्या क्लॅरिनेटला बसवण्यात आला. मूळ हस्तलिखित हरवले आहे. लाइपझिग येथील एका संगीतविषयक नियतकालिकाने १८०२ मध्येच या फेरफारांकडे लक्ष वेधले होते, तरी पुढील दीडशेहून अधिक वर्षे रूपांतरित पाठच मूळ म्हणून वाजवला गेला. २०व्या शतकात अभ्यासकांनी त्या परीक्षणातील नोंदी आणि याच संगीताचा एक आधीचा अपूर्ण मसुदा यांच्या आधारे मूळ भागाची पुनर्रचना केली. बदल केले यापेक्षा ते कोठे केले याची खूण पानावर राहिली नाही, ही या प्रकरणातील खरी हानी होय.

'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'

मोदेस्त मुसोर्गस्की यांनी १८७४ मध्ये पियानोसाठी लिहिलेल्या या रचनेचे मॉरिस राव्हेल यांनी १९२२ मध्ये सर्गेई कुसेवित्स्की यांच्या सांगण्यावरून वाद्यवृंदीकरण केले. जुन्या किल्ल्याच्या चित्रावरील तुकड्यातील चाल त्यांनी आल्टो सॅक्सोफोनला दिली. राव्हेल यांच्यापुढे रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी संपादित केलेली आवृत्ती होती. बैलगाडीच्या चित्रावरील 'बिद्‌वो' हा तुकडा मुसोर्गस्की यांनी सुरुवातीपासूनच जोरकस लिहिला होता. संपादित आवृत्तीत तो हळू सुरू होऊन वाढत जातो. राव्हेल यांच्या वाद्यवृंदातही तो तसाच दुरून जवळ येत असल्यासारखा ऐकू येतो. आधारासाठी घेतलेल्या प्रतीतील फेरफार रूपांतरातही उतरतात, हे यावरून दिसते.

ब्रिटिश ब्रास बँडची पद्धत

ब्रिटिश परंपरेतील ब्रास बँडने रूपांतराचा प्रश्न लेखनाच्या पातळीवरच सोडवला. बास ट्रॉम्बोन व तालवाद्ये वगळता सर्व वाद्यांचे भाग, अगदी सर्वांत खालच्या ट्युबाचेही, ट्रेबल क्लेफमध्ये लिहिले जातात. कॉर्नेट बी-फ्लॅटचा असो की टेनर हॉर्न ई-फ्लॅटचा, लिहिलेल्या स्वरासाठी दाबायचे व्हॉल्व्ह तेच राहतात. परिणामी एका वाद्याचा वादक गैरहजर असल्यास दुसऱ्या वाद्याचा वादक त्याचे वाद्य उचलून तेच पान वाजवू शकतो. संचालकाला मात्र स्कोअर वाचताना प्रत्येक ओळीचा प्रत्यक्ष स्वर मनात काढावा लागतो.

भारतातील स्थिती

हिंदुस्थानी संगीतात षड्जाची उंची निश्चित नसते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या स्वरलेखन पद्धतींत स्वर षड्जाच्या संदर्भातच लिहिले जातात. म्हणून एकच बंदिश काळी एकमध्ये गायली किंवा काळी पाचमध्ये, तरी तिचे लेखन बदलत नाही. वादक आपले वाद्य त्या पट्टीत जुळवतो; बासरीवादक योग्य लांबीची बासरी निवडतो. पट्टीबदलाचा लिखित प्रश्न निर्माण होतो तो या पद्धतीची गाठ पाच रेषांच्या स्वरलिपीशी पडते तेव्हा.

ही गाठ मुंबईच्या चित्रपटसंगीतात मोठ्या प्रमाणावर पडली. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी व व्हायोलिन शिकवले जात असे. तेथून आलेल्या अनेक वादकांना मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत काम मिळाले. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी; संयोजक ती लिहून घेऊन व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन व ट्रम्पेट यांचे स्वतंत्र भाग तयार करी. गायकाच्या आवाजानुसार पट्टी बदलली, की लिहिलेले भागही पुन्हा उतरवावे लागत. शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्यासाठी काम करणारे सेबास्टियन डिसोझा हे या क्षेत्रातील नामवंत संयोजक होते. गोव्यातील माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, संयोजक व शिक्षक होते. त्यांनी हिंदुस्थानी व पाश्चात्त्य संगीत एकत्र आणणाऱ्या रचना केल्या. प्यारेलाल शर्मा हे त्यांचे शिष्य होत.

संगणकाचा वापर

स्वरलेखनाच्या संगणक प्रणालींमुळे पट्टीबदलाचे यांत्रिक काम सोपे झाले आहे. सिबेलियस, डोरिको आणि विनामूल्य उपलब्ध असलेली म्यूझस्कोर या प्रणालींत वाद्याचे नाव निवडताच की सिग्नेचर, क्लेफ व स्वर बदलतात. एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत संहिता नेण्यासाठी म्यूझिक-एक्स-एम-एल हे सामाईक स्वरूप वापरले जाते.

तथापि, संगणक पल्ल्याबाहेरचा स्वर वेगळ्या रंगात दाखवू शकतो. तो वर न्यावा, गाळावा की दुसऱ्या वाद्याला द्यावा हे ठरवू शकत नाही. श्वासाची जागा, पान उलटण्यासाठी लागणारी विश्रांती आणि नवशिक्या वादकाची कुवत यांचाही विचार माणसालाच करावा लागतो. कळफलकावर बसून संगणकाकडून ऐकलेले रूपांतर समतोल वाटले, तरी प्रत्यक्ष वाद्यांवर तसाच समतोल साधेल याची खात्री नसते.

कायदेशीर बाजू

भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सांगीतिक कृतीचे संयोजन किंवा लिप्यंतर हे त्या कृतीचे रूपांतर समजले जाते आणि ते करण्याचा अधिकार हक्कधारकाकडे असतो. सामान्यतः रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांपर्यंत हा हक्क टिकतो. त्यामुळे हक्क चालू असलेल्या रचनेचे रूपांतर प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. मूळ रचना हक्कमुक्त असली, तरी तिचे अलीकडचे संयोजन स्वतंत्रपणे संरक्षित असू शकते.

पडताळणी व नोंदी

तयार झालेल्या वाद्यभागावर रचनेचे नाव, रचनाकार, रूपांतरकार, वाद्याचे नाव व त्याची पट्टी स्पष्ट लिहिण्याची प्रथा आहे. नुसते 'क्लॅरिनेट' असे लिहिल्यास बी-फ्लॅट की ए हा घोटाळा होतो. मापांचे क्रमांक व सरावाची अक्षरे स्कोअरशी जुळावी लागतात, नाहीतर संचालकाने सांगितलेले ठिकाण वादकाला सापडत नाही. पहिल्या सरावापूर्वी प्रत्येक भागाचा पहिला व शेवटचा स्वर प्रत्यक्ष उंचीला आणून स्कोअरशी ताडून पाहिल्यास पट्टीबदलातील बहुतेक ठळक चुका लगेच उघडकीस येतात.

मूळ पाठापासून केलेला प्रत्येक बदल, जसे वर नेलेले तुकडे, गाळलेले स्वर किंवा दुसऱ्या वाद्याकडे दिलेली चाल, स्कोअरमध्ये नोंदवणे इष्ट मानले जाते. अशी नोंद असल्यास पुढे मूळ वाद्य उपलब्ध झाल्यावर तो भाग पूर्ववत करता येतो आणि रचनाकाराने काय लिहिले होते व परिस्थितीमुळे काय बदलले, हे नंतरच्या वादकांना समजते.

हे सुद्धा पहा

• वाद्यवृंद
• स्वरलिपी
• क्लॅरिनेट
• सॅक्सोफोन
• फ्रेंच हॉर्न
• हार्मोनियम
• विष्णु नारायण भातखंडे